एकाच घरातले प्रश्न

वाळपयच्या बसस्टँडसमोर माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज,
आणि पाटीवर न लिहिलेलं आणखी एक काम,
ज्याचे मी पैसे घेत नाही.
लोक प्रश्न घेऊन येतात. मी फोनवर टाइप करते.

शांबा माजिक आला, छत्री असून कोपरापर्यंत ओला.
म्हणाला, विचार गे त्याला,
आगरातलं मीठ बरणीत रडायला लागलंय, काय करू?
फोन म्हणाला, तांदळाचे चार दाणे टाका.
शांबा म्हणाला, हे तर माझी सासू पण सांगते,
पण तिचं ऐकलं असतं तर ती जिंकली असती.

रोझालिन कुलासोच्या कपाटाला बुरशी.
उत्तर आलं: तळघरातला ओलावा शोषणारं यंत्र घ्या.
तळघर?
रोझालिन हसता हसता स्टुलावर बसली.
आमच्याकडे ओल माडीवर राहते, म्हणाली,
आणि आमच्याआधी जेवायला बसते.

कुणाची सोलं चिकट राहिली,
कुणाच्या मीटरच्या पेटीत मुंग्यांनी अंडी घातली,
बाबुसोची गाभण गाय दोन दिवस पेंड हुंगून सोडून देते.
मी लिहीत जाते.
नेटवर्क गेलं की पडद्यावर चाक फिरत राहतं,
आणि रांगेतली माणसं तोवर
एकमेकांना उत्तरं देऊन मोकळी होतात.

सुलक्षा आली तेव्हा रांगेत पाचजण होते.
तिने शर्ट बाहेर काढला नाही,
फक्त पिशवीचं तोंड उघडलं.
निळा, चौकड्यांचा.
कॉलरवर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.
नवरा बोटीवर, मार्चपासून.
डाग गेला पाहिजे, ती हळू म्हणाली,
आणि वास जाता नये.

मी दोन्ही लिहिलं, जसंच्या तसं.
फोनला एकच शब्द कळला:
कपड्यांचा वास घालवण्याचे सात उपाय.
पहिला, चार तास कडक उन्हात.
अकरा दिवस वाळपयने ऊन पाहिलं नव्हतं.

फक्त कॉलर धू गे, मागून कोणीतरी म्हणालं.
लिंबू आणि मीठ, बोटाने चोळ,
खांदे पाण्यात घालू नको.
नगरगावची बाई.
तिच्या आधार कार्डाच्या तीन प्रती काढल्या मी,
पण नाव वाचायचं राहून गेलं.

तेव्हापासून माझ्या फोनवर जाहिराती येतात:
पुरुषांचे शर्ट, गाभण गाईचं खाद्य,
मुंग्यांची पावडर, सासूला द्यायच्या भेटी.
त्याला वाटतं हे सगळं एकाच घरात चाललंय.
कुठेतरी माझ्या नावावर
एक केवढं तरी मोठं घर नोंदलं गेलंय,
माडी, गोठा, दारात लोळणाऱ्या चपला,
आणि समुद्रावरून परत यायचा एक माणूस.

दुकानामागे माझी एक खोली. एक ताट.
विचारलेलं सगळं पुसायची सोय आहे म्हणे,
एका बोटाचं काम.
ते बोट अजून मोकळं झालेलं नाही.

चतुर्थी आली. काल वीज गेली,
तेव्हा शटर अर्धं ओढून
पहिल्यांदाच माझा प्रश्न लिहिला:
एकटीपुरतं खतखतं कसं करावं?
फोनने थोडा विचार केला.
म्हणाला, वीस माणसांसाठी:
सुरण, नीरफणस, कणगं, मक्याची कणसं,
तेफळं विसरू नका.

खरंच आहे, भाज्या तर सगळ्याच लागतात.
कमी करायचं म्हटलं तरी
एका माणसाचा सुरण कुठे मिळतो बाजारात?

एवढं मोठं पातेलं कुणाकडे मागायचं
हे मी त्याला विचारलं नाही.
सकाळी रांग लागेलच.