दोन जणांसाठी

तंबू आधी उभा केला सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
गद्र्यांची गाडी बाहेर गेलेली बघून.
वॉचमन म्हणाला, मॅडम, मांडव कुणाचा?
हेरंबने काठ्या उलट्या घातल्या होत्या,
तंबू बोळक्या तोंडासारखा आत बसला.
पिशवीवर लिहिलेलं: दोन जणांसाठी.
घडी घालताना मी ती बाजू आत केली.

माजिवड्याच्या पुलावर आम्ही भांडलो नाही,
याची नोंद व्हावी.
भांडलो भिवंडीच्या गोदामांपाशी,
गॅसची शेगडी बंद केली होती का, यावरून.
मग दोन कंटेनरांच्या मधून निसटताना
दोघांनीही श्वास धरला आणि ते तिथेच राहिलं.
पडघ्याला चहा. शहापूरला कांदे, आगपेटी, एक जादा टॉर्च.
दुकानदाराने विचारलं, शूटिंगवाले का तुम्ही?

डोळखांबपुढे आधी रस्त्यात खड्डे होते,
नंतर खड्ड्यांत रस्ता.
मोबाईलची एकेक दांडी विझत गेली.
एकवीस वर्षं बँकेच्या काचेमागे बसलेला माणूस
म्हणाला, आता कुणी बोलावणार नाही,
आणि असा हसला, की जणू बढती मिळाली.

डेहणे गेलं, आणि समोर आजोबा.
डोंगराचं नावच ते, नकाशातसुद्धा तसंच.
इतका काळा, इतका उभा,
की गाडी मुकाट्याने दुसऱ्या गिअरवर आली.
"आजोबा," हेरंब म्हणाला, मोठ्याने.
आमच्या घरात ज्याचा काही उपयोग नाही
असा शब्द.
आणि त्याने काच पूर्ण खाली घेतली.

भात कापलेल्या खाचरात जागा मिळाली.
धसकटं टोचत होती, पौषातला वारा
तंबूचं एक टोक धरून ओढत होता,
मी दुसरं.
सोमीबाय मेंगाळ डोक्यावर मोळी घेऊन
बांधावर बराच वेळ उभी होती.
मग तिने मोळी टाकली, दगड आणला,
तीन ठोक्यांत खुंटी बसवली
आणि विचारलं,
पोरां कुठं ठेवली?

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरं तयार असतात.
डोंबिवलीच्या एका मुंजीत
हेरंबने आम्हाला एक मुलगी दिली होती,
बारावी सायन्स, जरा अबोल.
परत येताना कोपरच्या पुलावर
मी तिला उतरवून दिलं,
मागे वळून बघितलं नाही.

आज तो वाकून कांदा चिरत होता.
"नाहीत," म्हणाला.
एवढंच. चाकू थांबला नाही.
सोमीबायने तंबूत डोकं घातलं, इकडे तिकडे बघितलं.
"मंग बरां झालां," ती म्हणाली,
"ह्यात तिसरा मावलाच नसता."

मी हसले. आधी थोडं,
मग पोट धरून, मग कशावरून ते विसरून.
हेरंबचे डोळे कांद्याने भरलेले,
तो म्हणत राहिला, काय, काय झालं?

जाताना तिने अर्धी मोळी ठेवली
आणि जादा टॉर्च नेला.
कुणी मागितलं नव्हतं, कुणी दिलं नव्हतं.

रात्री कळलं, जागा उताराची होती.
घरच्या पलंगावर दोन गाद्यांमध्ये
एक फट आहे, चादरीखाली, दोघांना पाठ असलेली.
इथे मी घसरत त्याच्यावर,
तो घसरत कापडावर,
पुन्हा वर सरकायचं, पुन्हा तेच.
तीनदा झाल्यावर आम्ही नाद सोडला.
बाहेर काहीतरी धसकटांतून चालत गेलं,
थांबलं, परत चालू लागलं.
हेरंब कुजबुजला, कोल्हा असेल.
त्याचा हात बर्फासारखा होता.
अंधाराची त्याला भीती वाटते,
हे मला एकोणीस वर्षांत
कुणी सांगितलं नव्हतं.

सकाळी तंबू आतून ओला.
दव नाही, तो म्हणाला, आपलेच श्वास.
बोटाने पुसलं तर धार लागली, थेट माझ्या मानेवर.
आजोबाच्या डोक्यावर ऊन आलेलं, पायथ्याशी अजून नाही.

चहा उकळताना त्याने विचारलं,
शेगडीचं नक्की काय झालं गं?
मी म्हटलं, आठवत नाही.
त्याने साखर टाकली.