एका हाताचे दहा

क्वांगचौमध्ये मार्च महिन्यात भिंतींना घाम फुटतो.
कोपरखैरण्यात कुणाला हे सांगितलं तर म्हणतात,
"आमच्याही फुटतो की, सिडकोचं बांधकाम."
मग मी पुढे बोलत नाही.

चार वर्षं तिथे बटणं मोजली,
तुर्भ्याच्या हिरजीशेठसाठी.
शिंपल्याची, करवंटीची,
आणि शिंपल्यासारखी दिसणारी प्लास्टिकची.
हजारात सात खोटी निघाली तर माल परत.
नवव्या मजल्यावर खोली, लिफ्ट नाही,
खाली मासळीवाला, टबात जिवंत मासे,
येता-जाता त्यांच्या शेपटीचं पाणी माझ्या चपलांवर.

घरमालकीण ल्याओबाई.
"मृदुला" त्यांच्या जिभेवरून तीनदा घसरलं,
चौथ्यांदा त्यांनी "आ-मू" करून टाकलं
आणि महिन्याभरात मी त्या हाकेला वळून बघायला लागले.
आल्या दिवशीच चौकीत घेऊन गेल्या, नोंदणीला.
शिपायाने पासपोर्ट उलटा धरून काहीतरी विचारलं,
माझ्या वतीने उत्तर बाईंनी दिलं.
काय दिलं, मला अजून माहीत नाही.

भाषा येत नसली की आपण सामान असतो.
उचलतात, ठेवतात, पावती देतात.
काही लोक सोबत फोटो काढतात.

एक वाक्य मात्र ओळखीचं निघालं.
जिन्यात भेटलं की ल्याओबाई विचारायच्या, जेवलीस का?
उत्तराची वाट न बघता वर चढायच्या,
अगदी आमच्या शेजारच्या भोईरकाकूंसारख्या.

आणि आकडे. ते पहिल्याच आठवड्यात आले.
बटणवालीने अंगठा न् करंगळी ताणली: सहा.
पिस्तूल रोखलं: आठ.
तर्जनी आकड्यासारखी वाकवली: नऊ.
मूठ मिटली: दहा.
दुसऱ्या हातात तिचा फोन होता,
तो तिने एकदाही खाली ठेवला नाही.
मला नाना आठवले, फळबाजारात,
हापूसच्या पेटीवर रुमाल टाकून
त्याखाली समोरच्याची बोटं चाचपत भाव ठरवणारे,
चेहऱ्यावर देवळातल्यासारखी शांतता.

नानांना झटका आला तेव्हा मी परत आले.
उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं.
उरला डावा हात.
आई विचारायची, किती वाजता उठवू?
ते पाच बोटं दाखवायचे
आणि मग तोच हात हवेत तसाच,
पुढच्या बोटाची वाट बघत.
आई पाचला उठवायची.
ते दिवसभर चिडलेले.

मी त्यांना सहा शिकवलं.
करंगळी सरळ व्हायला दोन आठवडे गेले.
सात जमलं नाही, सोडून दिलं.
आठला त्यांनी पिस्तूल माझ्यावरच रोखलं
आणि तोंडाच्या चालणाऱ्या बाजूने हसले.

काल दुपारी त्यांनी गळ्याखालचा नॅपकिन ओढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि खालून तळव्यात दाबलं: सहा.
मी मान हलवली.
आठ.
मी पुन्हा हलवली.
मूठ. गरम, जरा ओली.
कसला सौदा, किती पेट्या, कोण विकतंय,
काही कळलं नाही.
"दिला," म्हटलं.
त्यांनी नॅपकिन नीट घडी घालून मागितला.
म्हणजे मी घातली, त्यांनी बघितली.

आज चहा ओतत होते.
तिथे कुणी आपल्या कपात चहा ओतला
की दोन बोटं टेबलावर टकटक करायची,
आभार तोंडाने मानावे लागत नाहीत.
ही गोष्ट नानांना मी कधी सांगितलेली नाही.
तरी त्यांनी टेबलावर दोन बोटं आपटली,
टक, टक.

किटली हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

आई आतून म्हणाली,
"बिस्किटं मागतायत. दोनच दे, शुगर वाढलीय."