दारं धरताना

बोट घेतली तेव्हा साठीला चार महिने कमी होते.
बावन्न फूट लांब, रुंदी सात फुटांना दोन बोटं कमी,
नाव ‘डोरीन’, आधीच्या मालकाच्या बायकोचं.
नाव बदललं की बोट रुसते, म्हणाले.
म्हणून तेच राहू दिलं,
फक्त आत, गॅसच्या वरच्या फळीवर
आईची अन्नपूर्णा ठेवली.

हडर्सफील्डहून हा कालवा डोंगर चढत जातो,
पायरी पायरीने. प्रत्येक पायरीला एक लॉक:
पुढे दार, मागे दार, मध्ये पाण्याची खोली.
लोखंडी हँडल फिरवायचं, झडप उघडते,
पाणी येतं, बोट वर येते,
मग झडप बंद करायची.

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं.
अधोरेखितसुद्धा केलं होतं.

नोव्हेंबर, साडेचारलाच काळोख.
स्लाविटच्या पुढचं लॉक मी एकटीने चढले
आणि स्वतःवर इतकी खूश झाले
की तिथे आधीच उभ्या चार बोटींच्या मागे डोरीन बांधली,
आमटी टाकली, श्रीरामपूरला फोन केला,
तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले,
पद्माकरला झोपेतून उठवून म्हटलं,
जमलं रे.

पहाटे चारला जाग आली
तेव्हा मी भिंतीवर झोपले होते.
म्हणजे भिंत खाली आली होती.
पातेलं कलंडलेलं, अन्नपूर्णा आमटीत पालथी,
आणि बाहेर एक शांतता, जिच्यात
थेंब थेंब काहीतरी गळतंय.

टॉर्च मारला.
कालवा नव्हता.

काळा चिखल, त्यात एक सायकल, रस्त्यावरचा नारिंगी शंकू,
सुपरमार्केटची ट्रॉली, तिच्यावर एक बदक
भाडेकरूसारखं, तक्रारीच्या तोंडाने.
आणि पाचही बोटी एका अंगावर
लग्नात जेवून लवंडलेल्या पाहुण्यांसारख्या.

माझी झडप रात्रभर उघडी होती.
खालचं दार जुनं, गळकं. तेवढं पुरतं.

मग एकेक दिवा लागला.
नाइट गाऊन, रबरी बूट, एक मांजर काखेत.
कोणी ओरडलं नाही.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
ऑल्ड्रॉइड नावाचा म्हातारा काठावर येऊन
बराच वेळ खाली बघत राहिला
आणि म्हणाला, ‘झोपताना होतं बघ इथे पाणी.’

आप्पा पाटबंधारे खात्यात होते.
एकतीस वर्षं कालवा निरीक्षक, प्रवरेच्या काठाने सायकल,
कॅरिअरला रजिस्टर, खिशात गेटच्या किल्ल्या.
कोण दारं धरतंय, कोणाची पाळी,
कोणी रात्री चोरून फळी उचलली,
नुसत्या पाण्याच्या आवाजावरून सांगायचे.
त्यांची मुलगी
एका रात्रीत अख्खा कालवा सांडून
वर आमटीही सांडून उभी.

सातला कालव्याचा माणूस आला, जाकिटावर पट्टे.
कोणाची बोट? म्हणाला.
मी हात वर केला. शाळेत करायचे तसा,
कोपराला दुसऱ्या हाताचा आधार देऊन.
त्याने वरच्या लॉकमधून पाणी सोडलं.
पाच बोटी सरळ व्हायला दुपारचे दोन वाजले.
तोवर मी सगळ्यांना चहा करत होते,
तिरक्या गॅसवर, अर्धा कप भरेल एवढाच.

पद्माकर फोनवर हसून हसून खोकला.
‘आप्पांनी पंचनामा केला असता तुझा.’
केला असता. सही घेतली असती.

ऑल्ड्रॉइड तेवढ्यात मांडीपर्यंतचे बूट चढवून
चिखलात उतरला होता.
तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातून पडलेलं
झडपेचं हँडल त्याला सापडलं,
ट्रॉलीच्या चाकाखाली.
पाणी परत यायच्या आत त्याने ते विजारीला पुसलं,
गंज खरवडला,
आणि माझ्या हातात दिलं.

‘आता दोन झाली,’ म्हणाला.
‘एक उघडायला.’