निषादावरची बुरशी

पेटी आली, असं फोनवर म्हटलं
तर हसन मुजावर तबला घेऊनच हजर.
म्हटलं, वाजवायची नव्हे रे, ऐकायची.
अठरा तबकड्या, सोबत जाडजूड पुस्तक,
झाकणावर द्वारकाबाई आरवलीकर,
छपाईत नाकातली चमकी पुसली गेलेली.

बसलो इनासच्या बर्फाच्या कारखान्यात,
वेंगुर्ले बंदराला लागून. भिंतीपलीकडे लाद्या फुटतायत.
त्याच्याकडे स्पीकर चांगले आहेत
आणि उकडतही नाही.

पहिला अर्धा तास नुसतं भांडण.
पुण्याच्या कुणा पोरानं सगळं धुऊन, पिळून वाळत घातलंय:
डग्गा डावीकडे, सारंगी उजवीकडे, बाई मधोमध.
'पूर्वी देवळात गायच्या,' नलूताई म्हणाल्या,
'आता कपाटात गातात.'
इनास म्हणाला, 'माका तर पयल्यांदाच शब्द कळले.
चाळीस वर्सां मी "पिया" समजान रडलंय,
ता "दिया" आसा.'

मग सातवी तबकडी.
भीमपलास. आमच्याच जत्रेतला, एकाहत्तरची दुपार,
भालू तुळसकरानं ग्रुंडिगवर धरून ठेवलेला.
पुस्तकात त्याचे आभार आहेत,
आडनाव तुळपुळे.

आता त्या भीमपलासातली जागा सांगायला हवी.
बाई पंचमावर थांबतात,
कुणी दारात उभं राहून चपला शोधावं तशा,
आणि मधला निषाद गाळून
थेट वरच्या षड्जावर.
आम्ही तिला उडी म्हणतो.
उडीवर नलूताईंनी दिवाळी अंकात सात पानं लिहिली.
हसननं मुलीच्या लग्नात जेवण थांबवून
व्याह्यांना ती बोटानं हवेत काढून दाखवली.
मी टपालावर शिक्के मारताना
दर पाचव्या पाकिटापाशी हात उचलून क्षणभर थांबायचो.
नोकरी संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

तबकडी फिरली. पंचम. थांबल्या.
आणि निषाद आला.
कोमल, साधा,
अंगणातून पडवीत यावं तसा पायरीवर पाय देऊन.
मग षड्ज.

पलीकडे एक लादी फुटली.
'परत लाव.'
परत आला.
तिसऱ्यांदा हसननं डोळे मिटून घेतले,
जणू न बघितल्यानं तो यायचा थांबेल.

भालू तबकडीकडे नाही, आपल्या तळहातांकडे बघत होता.
'माझ्या ट्रंकेत होती ती फीत,' तो म्हणाला.
'तेरा पावस. वर कापूर, खाली भाताचो कोंडो,
तरी बुरशी इली.
तशीच फिरवलंय. तशेच तुमका कॅसेटी काढून दिलंय.'
पुण्यात म्हणे ती फीत भट्टीत शेकली, मऊ ब्रशानं झाडली.
म्हणजे उडी दर्याच्या वाऱ्यानं मारली होती.

'अरे, पण तू तर समोर बसला होतास त्या दुपारी!'
'होतंय. पण काट्याकडे बघीत होतंय, लाल रेघेच्या वर जाता की काय.'
नलूताईही होत्या. त्या नेमक्या
खाजं घ्यायला उठल्या होत्या.

कुणीतरी कस्तुरीला म्हणालं, तू गा बरं.
गवंड्यांची पोर, नलूताईंकडे शिकते,
भालूच्याच कॅसेटीवर वाढलेली.
तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला.
पंचम लावला, नीट, भरलेला.
मग निषादाकडे निघाली
आणि अडखळली. पायरी तिला माहीतच नव्हती.
पुन्हा पंचम.
या वेळी विचार केला नाही, आणि गेली,
मध्ये काहीच नाही, नुसता गारवा,
आणि वर षड्ज.

'वा,' हसन म्हणाला, आणि लगेच ओशाळला.
इनासनं स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली, उगाचच.
पेटी भालूकडेच राहावी असं ठरलं.
तो म्हणाला, नको, माझ्याकडे नको.

दुसऱ्या दिवशी कंपनीला कार्ड टाकलं.
पुढल्या आवृत्तीत तुळपुळे नव्हे, तुळसकर असं छापावं.
चमकीचंही लिहिलं.
निषादाबद्दल लिहायला जागा होती.
तिथं पिनकोड घातला.