मागचा त्रिकोण

सोलापुरात डोंगर नाही.
जवळचा चढ म्हणजे तुळजापूरचा घाट,
तोही पंचेचाळीस किलोमीटरवर.
तरी मी डोंगराची सायकल घेतली,
पुण्याच्या एका मुलाकडून,
दोघांनी वापरून सोडलेली,
पुढंमागं दोन्हीकडं सस्पेन्शन.
"इथं कशाला गं असली?" राजमणीअक्का विचारतात.
खड्ड्यांसाठी, म्हणते मी.
पटतं त्यांना.

कुरकुर सुरू झाली हिप्परग्याच्या बांधावर.
आधी वाटलं सीट.
सीट काढून उभ्यानं चालवत घरी आले.
मग वाटलं पेडल, मग हँडल.
तीन रविवार चुकीच्या जागी तेल घातलं.

पाणी चौथ्या दिवशी येतं.
आधी पिंप, मग घागरी,
उरलं तर सायकल, तीही ओल्या फडक्यानं.
पाइपचा जोर नको,
सीलमधून पाणी आत शिरतं आणि आतच राहतं.

शॉकची हवा सोडली.
दोन बोल्ट काढून त्याला बाजूला निजवलं,
आणि मागचा त्रिकोण नुसत्या हातानं वर-खाली केला.
लोण्यातून जावा तसा जायला हवा होता.
भाकरीत खडा लागावा तसा गेला.

नायना ओट्यावर बसले होते.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात एकतीस वर्षं जॉबर,
चादरीचे अठ्ठेचाळीस माग
एका माणसाच्या कानावर.
कान तिथंच राहिले. पगारात धरले नव्हते.

काय वाजतंय, हे त्यांनी विचारलं नाही.
उठले,
आणि दोन बोटं एकेका सांध्यावर ठेवत गेले,
घ्यायचा नसलेला आंबा दाबून बघतात तशी.
मी त्रिकोण हलवत राहिले.
रॉकरचा डावा. पुढं.
रॉकरचा उजवा. पुढं.
फ्रेमच्या पोटातला, पेडलच्या जरा वरचा,
तिथं बोटं थांबली.
"इदे," म्हणाले.
हेच.

फणी भरायचा आकडा अजून त्यांच्या डब्यात होता.
त्याच्या टोकानं सील उचललं.
आत ग्रीस नव्हतंच.
नान्नजचा मुरूम होता, होटगीची काळी माती,
दोन्ही मिळून झालेला गंजाचा लगदा.
असे एकूण आठ.
श्रीखंडाच्या डब्यात रॉकेल,
त्यात बेअरिंग बुडवायचं, फिरवायचं, पुसायचं, परत बुडवायचं,
छर्रे चमकेपर्यंत.
उन्हं ओट्यावर आली, मग आमच्या पाठीवर.

निळं ग्रीस त्यांनी हुंगून बघितलं.
विश्वास बसला नाही, पण भरलं,
अंगठ्यानं, गच्च,
सील दाबल्यावर कडेनं बाहेर येईस्तोवर.
त्याच बोटानं बोल्टच्या आट्यांनाही लावायला निघाले
तेव्हा मी हात धरला.
रागावले.
खुणांनी सांगितलं: हे फिरायला पाहिजे.
हे फिरायला नको.
आट्यांवर त्या दुसऱ्या बाटलीतला एकच थेंब, आवळल्यावर सुकून धरणारा.
बाटली उन्हात धरून त्यांनी बराच वेळ बघितली.
"आम्हाला हे औषध कुणी दिलं नाही," म्हणाले.
"दर पाळीला आवळायचो. दर पाळीला सुटायचं."

शेवटी पाना.
चौदा न्यूटनमीटरला टक् करतो, मग थांबायचं.
टक् त्यांना कुठून ऐकू येणार.
त्यांचा तळवा दांडीवर ठेवला, वर माझा,
आणि दोघांनी मिळून ओढलं.
दांडी हातात एकदा दचकली.
माझ्याकडं बघितलं त्यांनी.
"परत."
थेंब सुकायच्या आत सैल केला, परत आवळला.
"परत."

आता रोज संध्याकाळी विचारतात,
"वाजलालीय का अजून?"
मी मान हलवते, नाही.
काल परतताना सीटखालून काहीतरी बोललं,
बारीक, तिसऱ्या-चौथ्या पेडलला एकदा.
अजून सांगितलं नाही त्यांना.
रविवारी पाणी आहे.