राखाडी भिंत

म्हापशाला अ‍ॅग्नेलच्या दुकानात
काचेआड पंखे रंग बदलत होते,
निळा, जांभळा, पुन्हा निळा.
"गेम खेळटा मगे तूं?" त्यानं विचारलं.
नाही रे बाबा. नवऱ्या उजळते.

सात वर्षं हेच. डिचोलीत, मागच्या खोलीत.
पेन ड्राइव्ह येतो, मागोमाग फोन:
मॅडम, थोडी गोरी.
थोडी म्हणजे किती, कुणी सांगत नाही.
स्लायडरला आकडे असतात, सासवांना नसतात.

जुना कम्प्युटर थकलाय.
ब्रश पुढे जातो, गाल मागून येतो.
अल्बम सेव्हला लावून
मी पेज शिजवते, कपडे वाळत घालते,
परत येते तर पट्टी एक्केचाळीस टक्क्यांवर
आणि आत पंखा, चढावर अडकलेल्या ट्रकसारखा.
एकदा झाकण काढलं तर
मदरबोर्डवर खाणीची तांबडी धूळ.
खाण बंद पडून किती वर्षं झाली,
धुळीला कुणी कळवलं नाही.

यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर.
एक लाख दहा, त्यावर रेघ, शहाण्णव.
ग्राफिक्स कार्ड मधलं. मग त्याहून खालचं.
रॅम चौसष्ट, इथे घासाघीस नाही;
आठशे फोटो एकदम पसरून बसते मी
मासळीची पाटी उपडी करावी तशी.
एसएसडी दोन, एकीवर काम,
दुसरीवर कामाची अडगळ.
पॉवर सप्लाय बरा घे, अ‍ॅग्नेल म्हणाला,
तुमच्याकडे वीज जाते ते ठीक,
येते कशी ते बघ.
कॅबिनेटला काच नको, दिवे नकोत.
उरलं ते सगळं मॉनिटरला.
त्यानं आकडा दोनदा वाचला.
"येदे? पडद्याक?"

कदंबाच्या बसमध्ये खोकं मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं तिकीट फाडू?
अस्नोड्यापर्यंत मी हसत होते,
पुढे खड्डे लागले.

रत्नाकरनं तोवर भिंत राखाडी रंगवली,
कारण पिवळ्या भिंतीनं डोळा फसतो.
शेजारीण दारातूनच म्हणाली,
कोण गेलं का गो घरात?

प्रोसेसरवरची खिट्टी दाबली तेव्हा
करकरली, मी डोळे मिटले.
वाटाण्याएवढी पेस्ट.
चार स्क्रू उरले, ते कुठले
अजून कळलेलं नाही.

सॅव्हियोकडून एका रात्रीपुरतं यंत्र आणलं,
रंग मोजणारं. पडद्याला पालीसारखं चिकटून
तांबडा बघितला त्यानं, हिरवा बघितला,
काळ्याच्या किती पायऱ्या ते मोजलं.
झाल्यावर पडदा पिवळट, आजारी वाटला.
थांब, सॅव्हियो म्हणालेला, वीस मिनिटं दे.
आजारी डोळे आहेत.

मग सहज जुना फोल्डर उघडला.
मुळगावची कुंदा, लग्न वैशाखातलं.
हिरवी.
किंचित, ओल धरलेल्या चुन्यासारखी.
दुसरी उघडली, तिसरी.
जुना पडदा गुलाबी होता तर,
आणि सात वर्षं मी प्रत्येक चेहऱ्यातून
गुलाबी काढत गेले, चमचा चमचा.
दोनशे-अडीचशे घरांत, कपाटात,
किंचित हिरव्या नवऱ्या.
कुणाचीच तक्रार नाही.

कुंदाची मूळ फाइल शोधली.
सावळी. कानामागे हळद राहिलेली,
नाकावर घाम, आणि कॅमेऱ्याकडे नाही,
बाजूला कुणाकडे तरी बघून
दाबून धरलेलं हसू.
ते हसू मी तेव्हा पाहिलंच नव्हतं.
गालच पुसत होते.

सकाळी नवा पेन ड्राइव्ह. नवा फोन.
मॅडम, थोडी.
ब्रश आणि गाल आता एकदमच हलतात,
मध्ये विचाराला जागा नाही.
केली मी थोडी.
थोडी म्हणजे किती, ते आता दिसतं.
हळद मात्र राहू दिली कानामागची,
बघू कोण ओळखतं.

पट्टी अर्ध्या मिनिटात भरली.
पेजेचं आधण अजून ठेवायचं होतं.