दुसऱ्या रिळात मरणारा माणूस

मी त्याच्या मिशा चिकटवायचे.
माझी ओळख एवढीच लिहा, पुरे.
स्वेर्दलोव्स्कचा स्टुडिओ, तिसरा मजला,
खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राचे बोळे,
डिंक सकाळी दगड झालेला.
बाटली मी काखेत धरून ऊब द्यायचे, तोवर
सावेली ग्लुखारेव खुर्चीत डोळे मिटून विचारायचा,
"आज कशानं मरायचंय, फेव्रोन्या?"

गोळीनं. कधी तापानं. एकदा घोड्याखाली.
चेहराच तसा, रुंद, भोळा,
बघताक्षणी कळावं, हा काही शेवटापर्यंत टिकत नाही.
नायक दुसऱ्या रिळात त्याची टोपी छातीशी धरून शपथ घ्यायचा
आणि पुढची सात रिळं ती पाळत बसायचा.
तेवीस वेळा मेला. मी मोजलंय.
चोविसावं मी धरत नाही.
बाविसाव्याला दिग्दर्शक म्हणाला, जरा हळू मर,
मागे सूर्य अजून बुडतोय.

आई, अनफीसा येगोरोव्ना,
कामा नदीच्या धक्क्यावर होडीची तिकिटं फाडायची.
गावच्या क्लबात पिक्चर आला की पहिल्या बाकावर हजर.
पण लेक पडद्यावर खोकला,
किंवा खिशातून बायकोचा फोटो काढून बघायला लागला,
की शाल सावरून उठलीच.
बाहेर पायरीवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची.
लोक विचारत, काय गं, पुढं काय झालं तुझ्या सावाचं?
"पलीकडे गेलाय. कामाला. येईल."

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा अर्धीच मिशी लागली होती.
अर्ध्या मिशीच्या माणसाला हसू नये. मी हसले.
तो नाही हसला.
म्हणाला, मी एक करणार आहे. माझा.
त्यात कुणी मरणार नाही.

केलाही. चाळिशी उलटल्यावर, दहा जणांचे उंबरे झिजवून.
गोष्ट काय, तर होडीवाला नदीचा बर्फ फुटायची वाट बघतो.
पलीकडच्या काठावर एक बाई कपडे वाळत घालते,
ते फळ्यांसारखे ताठ होतात,
ती काखोटीला मारून घरात नेते.
एवढंच.
शूटिंग चालू असताना कुठूनसा एक कुत्रा आला,
गोठलेल्या नदीवरून अख्खी फ्रेम ओलांडून गेला,
एकदाही वळून न बघता.
सगळे ओरडले, थांबवा! सावेली म्हणाला, चालू द्या.

समितीत सहा जण. टेबलावर पाण्याचा जग.
"कुत्र्याचा अर्थ काय, कॉम्रेड?"
"कुत्रा."
"आणि हा माणूस वाट कशाची बघतोय, नेमकी?"
"बर्फाची."
मी दाराबाहेर होते. आत कुणीतरी खुर्ची मागे सरकवली
आणि अठरा वर्षं गेली.

डबे तळघरात. त्याला पुन्हा मरायची कामं,
मग तीही आटली.
मुलांच्या रेडिओवर अस्वलाचा आवाज काढायचा.
प्यायचा का? प्यायचा. सगळेच प्यायचे,
त्याचं वेगळं काही सांगू नका.
आई गेली त्या दिवशी तो माइकसमोर मध मागत होता.

अठ्ठ्याऐंशी साली कुणा तरुणानं कुलूप काढलं.
मंगळवारची दुपार, थिएटरात अकरा माणसं,
दोन नुसती ऊब घ्यायला आलेली.
कुत्रा आला तेव्हा मागच्या रांगेत एक पोरगं खदखदून हसलं.
सावेलीनं माझा हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली.
मग कधीतरी हात सुटला, मला कळलंही नाही.

दिवे लागले तर शेजारची खुर्ची रिकामी.
बाहेर पायरीवर होता, मांडीवर कागदाची पुडी, बिया सोलत.
"शेवट बघितला नाहीस?"
"कुणी मेलं का?"
"तूच केलायस ना तो! नाही मेलं."
"बर्फ फुटला?"
"फुटला रे."

सरकला, मला जागा दिली.
पुडीतल्या निम्म्या बिया माझ्या ओंजळीत ओतल्या.
पहिलीच खवट निघाली.